सतरा अंगठे

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर अर्धा तालुका ओळखेल, आणि उरलेला अर्धा विचारत सुटेल की हे बाहेर काढलं कोणी. वैनगंगेपासून दोन कोसांवरचं, मार्कंड्याच्या जत्रेला ज्याच्या बसस्टँडवरून जादा गाड्या सुटतात असं एक तालुक्याचं गाव, एवढं पुरे.

त्या बसस्टँडसमोर, चहाच्या टपरीला लागून, अन्नपूर्णाचं नेट कॅफे होतं. साल दोन हजार सहा. घराचीच पुढची खोली, तिच्यात चार कॉम्प्युटर, त्यातला एक बाराही महिने आजारी. नवरा नथ्थू एसटीत कंडक्टर, सिरोंच्याच्या गाडीवर. तो दोन दिवसांआड घरी यायचा, जेवायचा, झोपायचा आणि पुन्हा तिकिटाची पेटी उचलून निघायचा. दुकान अन्नपूर्णाचंच. बाई तोंडाची फटकळ; गिऱ्हाइकाला आधी ‘चपला बाहेर’ आणि मग ‘बसा’. तरी माणसं तिच्याकडेच यायची. बाजारात दुसरं एक कॅफे होतं, तिथे पंखासुद्धा होता. पण तिथला मालक गिऱ्हाइकाच्या स्क्रीनमध्ये मान खुपसायचा आणि वाचलेलं संध्याकाळी पानठेल्यावर ऐकवायचा.

वाचायची अन्नपूर्णाही. वाचल्याशिवाय इलाजच नव्हता, कारण खेड्यावरून येणाऱ्या माणसांना कॉम्प्युटर कुठे येत होता? ती माणसं बाजूला स्टूल ओढून बसायची आणि म्हणायची, ‘लिही वं बाई.’ अन्नपूर्णा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची, आलेलं उत्तर वाचून दाखवायची. कोणाचा पोरगा पुण्याला नोकरी लागली म्हणून सांगतो आणि नुसताच बसून आहे, कोणाची पोरगी मुलचेऱ्याकडच्या बंगाली पोराला रोज मेल पाठवते, कोणाच्या पोटातल्या गाठीचा नागपूरहून काय अहवाल आला, सगळं तिला ठाऊक. पण ते तिच्या तोंडून बाहेर पडलं असं म्हणणारा एक माणूस दाखवा! शेजारणी खोदून खोदून विचारायच्या. ती म्हणायची, “पोस्टमन काय पाकीट फोडून चौकात वाचते काय?” आणि वरून हाकलून द्यायची.

दुकानात एक वही होती. ठाण्याचा हुकूमच होता: जो कॉम्प्युटरला बसेल त्याचं नाव, गाव, वेळ आणि सही त्या वहीत पाहिजे. वहीच्या प्रत्येक पानावर नंबर आणि ठाण्याचा शिक्का मारलेला, त्यामुळे एखादं पान गुपचूप फाडायची सोय नाही. आमच्या जिल्ह्यात पोलिसांनी असं सांगितलं की माणूस कारण विचारत बसत नाही. अन्नपूर्णाही वही नेमानं ठेवायची.

तर झालं असं. मार्कंड्याची जत्रा तोंडावर आली होती त्या आठवड्यात, शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी, सावरटोल्याचे ढिवर ट्रॅक्टरची ट्रॉली भरून आले. सावरटोल्याला जुना मालगुजारी तलाव आहे आणि त्यातली मासेमारी ढिवरांच्या सोसायटीकडे. पुढे सोसायटीचा अध्यक्ष म्हातारा इस्तारी, मागे त्याची बायको गोकुळा, त्यामागे सेक्रेटरी पत्रू आणि उरलेले. इतकी माणसं पाहून अन्नपूर्णा ओरडली, “अरे बाप्पा! दुकान हाय का पंगत?” मग एकटा इस्तारी आत आला आणि स्टुलावर बसला. बाकीचे ओसरीत दाटीवाटीनं टेकले.

इस्तारीनं सांगायला सुरुवात केली. दर रविवारी ठाण्याची गाडी तलावावर येते. टोपलीतले चांगले मोठे रोहू आणि मरळ निवडून नेते. देणंघेणं काही नाही, वरून ‘पुढच्या रविवारी लहान नको’ अशी ताकीद. दोन वर्षं झाली. नवे साहेब आले तेव्हापासून. हे गडचिरोलीला कलेक्टर साहेबाला कळवायचं होतं.

“नाव काय टाकू खाली?” अन्नपूर्णानं विचारलं.

“नाव नाई टाकाचं,” इस्तारी म्हणाला. “मिटिंगीत ठरलं हाय. सावरटोल्याचे बी नाव नाई. नुसतं एका तलावावरचे मच्छीमार म्हन.”

हे शहाणपणाचं होतं. तलाव काय, तालुक्यात पाच-पन्नास, आणि ठाण्याची गाडी एकाच तलावावर थांबत नव्हती. अन्नपूर्णानं लिहिलं, वाचून दाखवलं, पाठवलं. मग “वहीत सही करून जा” म्हणाली, आणि आत कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारत होता म्हणून धावली. डाळ उतरवून, कणकेचा गोळा झाकून परत येते तो काय! पत्रूनं वहीचं अख्खं पान आखून घेतलं होतं. डावीकडे नंबर, पुढे नाव, पुढे ‘सभासद’, आणि शेवटी अंगठा. शाईचं पॅड तो घरूनच घेऊन आला होता. ओसरीतून एकेक जण आत येत होता, अंगठा उठवत होता आणि पायजम्याला पुसत होता. सोळा झाले होते. सतरावी गोकुळा, ती पॅडवर अंगठा दाबत होती.

“अगं माय!” अन्नपूर्णानं कपाळावर हात मारला. “हे काय करून राह्यले तुमी?”

“सोसायटीचं काम हाय नं बाई,” पत्रू म्हणाला. “ठरावावर सगळ्या सभासदाचा अंगठा लागते. एकट्या अध्यक्षाचा चालत नाई.”

“पन तक्रार तं बिननावाची हाय!”

“मेलवर कुठी लावले अंगठे? वहीत लावले.”

चाळीस वर्षं ही माणसं ठरावाच्या वहीखाली अंगठे देत आली होती. अंगठ्याशिवाय काम झालं असं त्यांच्या जिवाला वाटणारच नव्हतं. अन्नपूर्णा आधी चिडली, मग हसली, आणि वही मिटून तिनं कपाटात टाकली. तिला वाटलं, कोण कशाला बघतो.

आपल्याकडची रीत तर माहीतच आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार, चौकशीला ती त्याच्याकडेच येते. कागद वरून निघाला आणि ‘अहवाल सादर करावा’ असा शेरा घेऊन दहा दिवसांत आमच्या ठाण्याच्या टेबलावर येऊन पडला. मेल कोणत्या तारखेला, किती वाजता निघाला ते त्यावर छापलेलं होतं. आणि गावात नेट कॅफे दोनच.

ठाण्यातला लटारू जमादार दुपारी आला. हा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. इथलाच, सरळ, तीस वर्षं नोकरी झालेला, चालताना गुडघे कुरकुरणारा. अन्नपूर्णाच्या दुकानात त्यानं आपल्या पेन्शनची माहिती दोनदा काढून घेतली होती. तो स्टुलावर बसला, टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाला, “बाई, त्या शुक्रवारी बाराच्या दरम्यान तुह्याकडून कलेक्टर साहेबाले एक मेल गेला. बाजारातल्या कॅफेवाल्यानं आपली वही कालच आनून दिली. त्यात काई नाई. म्हनजे तुह्याकडूनच.”

खोटं बोलायला कितीसा वेळ लागतो? ‘मला काय माहीत, शंभर माणसं येतात’ एवढं म्हटलं असतं तरी त्या घडीला भागलं असतं. पण अन्नपूर्णाचा स्वभाव आडवा.

“हो, गेला,” ती म्हणाली. “मीच लिहिला. कोनाचा ते बी माहीत हाय. पन सांगनार नाई.”

जमादार तिच्याकडे बघतच राहिला. ‘माहीत नाही’ हे उत्तर त्यानं हजारदा ऐकलं होतं. हे नवीनच होतं.

“मंग वही दे.”

“लेखी पत्र आना, भाऊ. कोनती वही, कोनत्या तारखेचं पान, कोनत्या कामासाठी पाहिजे, खाली साहेबाची सही आन् शिक्का. मी लगेच देतो. नाई म्हनलं तं माहं नाव बदला.”

जमादार हसला नाही. पत्रात कारण काय लिहायचं? ‘आम्ही फुकट मासे नेतो अशी तक्रार कोणी केली ते शोधण्यासाठी’? हे त्यालाही कळत होतं आणि तिलाही. त्यानं टोपी दोनदा फिरवली. मग खाली बघतच म्हणाला, “बाई, डिंपलचा पडताळनीचा कागद आमच्याच ठान्यात आला हाय. मी धमकावून नाई राह्यलो. हाय ते सांगून राह्यलो. दोन दिवसानं येतो.”

डिंपल म्हणजे अन्नपूर्णाची धाकटी बहीण. दोन वर्षांपासून ती बहिणीकडे राहत होती, पोलीस भरतीसाठी. रोज पहाटे एसटीच्या पहिल्या गाडीआधी डांबरी रस्त्यावर धावायची. पायाची नखं काळीनिळी झाली तरी धावायची. त्या फेब्रुवारीत तिचं नाव यादीत लागलं. महिला शिपाई! तिच्या बापाच्या, डोमाजी निकुऱ्यांच्या, सात पिढ्यांत सरकारी नोकरी कोणी पाहिली नव्हती. बापानं अख्ख्या गावात बुंदी वाटली. आता राहिला होता फक्त एक कागद, चारित्र्य पडताळणीचा. ठाण्यानं ‘मुलगी चांगली, गुन्हा नाही, जंगलातल्या नक्षल्यांशी संबंध नाही’ असं लिहून एकतीस मार्चच्या आत गडचिरोलीला पाठवायचं. नाही पोचला तर प्रतीक्षा यादीतली पुढची मुलगी आत, आणि डिंपल बाहेर. पुढच्या भरतीला ती वयात बसत नव्हती.

पण पहिला विचार अन्नपूर्णाला सावरटोल्याचा आला, तो का आला हे तिलाही सांगता आलं नसतं. पानावर सतरा नावं होती, ओळीत, पत्रूच्या वळणदार अक्षरात. आमच्याकडे ठाण्यात नाव गेलं की ते नुसतं मासे देण्या-न देण्यापुरतं राहत नाही. तलाव जंगलाला लागून. ‘रात्री तुमच्याकडे कोण येतं, भात कोण खातं’ इथपर्यंत गोष्ट जायला वेळ लागत नाही. हे माहीत नसलेलं माणूस या जिल्ह्यात राहतच नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप घालून ती सकाळच्या गाडीनं सावरटोल्याला गेली. तलावाच्या पाळीवर इस्तारी जाळं दुरुस्त करत होता. तिनं सगळं सांगितलं, डिंपलच्या कागदासकट, आणि पत्रूलाही खडसावलं. “तुह्या त्या ठरावानं गोत्यात आनलं ना सगळ्यायले!” पत्रूचा चेहरा उतरला.

“जे कराचं ते ठरवा,” ती म्हणाली. “कोनी आठ-पंधरा दिवस सोयऱ्याकडे जाऊन येत असन तं जा. वही मी देनार नाई, पन साहेबाचं काई सांगता येत नाई.”

बघता बघता पाळीवर माणसं गोळा झाली. बायका ओल्या टोपल्या तशाच कमरेवर धरून उभ्या राहिल्या. बराच वेळ कुजबुज चालली. मग गोकुळा पुढे आली. हाताला मासळीचे खवले तसेच चिकटलेले.

“देऊन टाक ते पान,” ती म्हणाली.

“काऊन?”

“पोट्टीची नौकरी जाईन नं वं. आमचं काय करतीन? नेतीन, बसवून ठेवतीन, दोन शिव्या देतीन. सतरा जन हाओ, एकमेकाच्या तोंडाकडे पाहत बसू. तुही बहीन एकटी हाय.”

इस्तारीनं मान डोलावली. मागून कोणी ‘हव, बरोबर’ म्हणालं. आणि पत्रू, हा पत्रू काय करतो, तर सोसायटीची वही घेऊन येतो! पाळीवरच बसून त्यानं ठराव लिहायला घेतला, की नेट कॅफेतलं पान ठाण्याला देण्यास सर्व सभासदांची संमती आहे. अन्नपूर्णानं त्याच्या हातातलं पेनच ओढून घेतलं. तिला रागही आला होता आणि रडूही. “ठेव ते वही,” ती ओरडली, “नाईतं तलावात फेकीन!” आणि गाडीची वाटही न पाहता दीड कोस पायी फाट्यापर्यंत चालत आली.

घरी आली ती थेट डिंपलच्या तावडीत. तिला टपरीवरून सगळं कळलं होतं. तिनं बहिणीला ताटही पुढ्यात घेऊ दिलं नाही.

“त्या मासेवाल्यायसाठी माही नौकरी घालवतं तू? कोन लागतात ते तुह्ये?”

“कोनी नाई लागत.”

“मंग?”

अन्नपूर्णाला नीट सांगता येईना. शेवटी म्हणाली, “ते माह्याजवळ बसून बोलले, डिंपल. दुसऱ्या कोनाजवळ नाई. त्या दुसऱ्याकडे पंखा होता, तरी माह्याकडे आले.”

“आन् मी कोनाजवळ बसून बोलू?” डिंपल म्हणाली. “दोन वर्स धावली मी. तुह्यासमोर धावली.” आणि आत जाऊन तिनं दाराची कडी लावली.

ती आत रडत होती ते ऐकू येत होतं. दारापर्यंत अन्नपूर्णा तीनदा गेली आणि तीनदा परत आली. गोकुळाची परवानगी होती. सगळ्यांची होती. कपाटातून वही काढून ठाण्यात नेऊन टाकायची, काम पंधरा मिनिटांचं, आणि कोणी तिला नावही ठेवलं नसतं. तिनं वही काढली, पान उघडलं. अंगठ्यांवरची शाई वाळून जांभळी पडली होती. ती परवानगी गोकुळानं दिली होती खरी, पण भीतीपोटी मागितली होती हिनंच, तोंडानं न मागता. हे मनात आल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं वही मिटली. रात्री नथ्थू आला. सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, “तू काऊन पुसतं मले? तू मनात केलं ते करतंच.” आणि कूस बदलून झोपला.

दोन दिवसांनी जमादार आला. ती म्हणाली, “लेखी पत्र.” तो म्हणाला, “बाई, इचार केला?” ती म्हणाली, “केला. पत्र.” तो उठून गेला.

आठवडा गेला. चौदा मार्चला जमादार पुन्हा आला, या खेपेला दुसरा कागद घेऊन. “आज मी त्या कामाले नाई आलो. पडताळनीले आलो.” त्यानं टपरीवाल्याला आणि पलीकडच्या शिंपिणीला बोलावून डिंपलबद्दल विचारलं, जबाब लिहिले, त्यांच्या सह्या घेतल्या. डिंपलनं पाणी आणून दिलं. सगळं लिहून झाल्यावर जमादारानं स्वतःची सही केली, कागद घडी करून खिशात ठेवला आणि “धावनं सोडू नको पोरी” म्हणून गेला. डिंपल त्या दिवशी बहिणीशी दोन वाक्यं बोलली. अन्नपूर्णाला वाटलं, सुटलो.

त्या रविवारी सावरटोल्याला गाडी आली नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. तक्रारीचा अहवाल द्यायचा होता, साहेब जरा जपून होते. पण पंचवीस तारखेला डिंपल गडचिरोलीला चौकशीला गेली, तेव्हा कार्यालयातल्या बाबूनं रजिस्टर उघडून दाखवलं. तिच्या नावापुढची जागा कोरी. “ठाण्यातून कागदच आला नाही,” तो म्हणाला. “सहा दिवस राहिले.” डिंपल संध्याकाळच्या गाडीनं परत आली, बॅग कोपऱ्यात टाकली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. ती भांडलीसुद्धा नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं अन्नपूर्णाला वाटत राहिलं. आपण केलं ते बरोबर होतं एवढं तिला कळत होतं, पण तेवढ्यानं तिला पोरीच्या तोंडाकडे बघता येत नव्हतं.

सत्तावीस तारखेला भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं तेव्हा, लटारू जमादार आला. वर्दी नव्हती. साधा सदरा, खांद्यावर दुपट्टा. चपला दाराबाहेर काढल्या, आत आला आणि गिऱ्हाईक बसतं त्या स्टुलावर बसला.

“पत्र आनलं?” अन्नपूर्णानं विचारलं. आवाजात धार होती.

“नाई. एक मेल कराचा हाय मले. गडचिरोलीले, एसपी साहेबाच्या कार्यालयात. मले येत नाई. तू लिही.”

तिनं कॉम्प्युटर सुरू केला. त्यानं घसा साफ केला. आणि सांगताना त्याची भाषाच बदलली. तीस वर्षं पंचनामे लिहिलेल्या माणसाची ती भाषा.

“लिही. महोदय, सविनय सादर, की महिला पोलीस शिपाई पदाच्या उमेदवार कुमारी डिंपल डोमाजी निकुरे...”

अन्नपूर्णाची बोटं थांबली.

“थांबली काऊन? लिही. यांची चारित्र्य पडताळणी मी दिनांक चौदा मार्च रोजी समक्ष जाऊन, दोन पंचांसमक्ष पूर्ण केली आहे. त्यांच्याविरुद्ध आक्षेपार्ह काहीही आढळून आले नाही. सदर कागद तेव्हापासून ठाण्यातच पडून आहे. तो तात्काळ मागवून घ्यावा, ही विनंती.”

तिनं लिहिलं. मग त्याच्याकडे न बघता विचारलं, “ड्रावरमध्ये ठेवला काय तुमच्या साहेबानं?”

“हव. म्हनते, कॅफेवालीले जराशी घाम फुटू दे. मी म्हनलं, साहेब, त्यावर माही सही हाय. तं म्हनते, तुह्या सहीचं काय लोनचं घालू?” जमादारानं खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला. “तीस वर्सात माह्या सहीचा एक कागद खोटा नाई निंगाला, बाई. मासे म्या बी खाल्ले, नाई म्हनत नाई. पन त्या पोरीचा कागद खरा होता.”

पुढचं आधीच सांगून टाकू, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. कागद तीस तारखेला वरून फोन करून मागवला गेला. डिंपल प्रशिक्षणाला गेली. जाताना बहिणीच्या पाया पडली, गळ्यातही पडली, पण ‘तू बरोबर केलंस’ असं काही म्हणाली नाही, आणि अन्नपूर्णानंही ते विचारलं नाही. वहीसाठीचं लेखी पत्र काही आलं नाही, वही कपाटातच राहिली. आणि लटारू जमादाराची महिन्याभरात भामरागडकडच्या एका चौकीवर बदली झाली, जिथे पावसाळ्यात नदी चढली की चार महिने रस्ता नसतो. नोकरीची शेवटची तीन वर्षं त्यानं तिथेच काढली. त्या दुपारी स्टुलावर बसताना हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

अन्नपूर्णाला तर नक्कीच कळत होतं. ती की-बोर्डवर हात ठेवून म्हणाली, “भाऊ, खाली नाव नका टाकू. एक हितचिंतक म्हनून लिहितो. मी कोनाले सांगनार नाई, तुमाले माहीत हाय.”

“माहीत हाय म्हनूनच तुह्याकडे आलो,” जमादार म्हणाला. “पन बिननावाची तक्रार वरून परत आमच्याच ठान्यात येते, अहवाल द्या म्हनून. आन् साहेब मलेच पाठवते तुह्याकडे, कोनी केली ते पुसाले.”

अन्नपूर्णाला हसू आलं.

“टाक नाव,” तो म्हणाला. “लटारू गोविंदा चापले. जमादार. पूर्न टाक. बक्कल नंबर बी टाक.”

तिनं टाकलं. स्क्रीनवरची इंग्रजी अक्षरं त्याला वाचता येत नव्हती, तरी तो पुढे वाकून आपलं नाव शोधत होता. तिनं बोट ठेवून दाखवलं.

“एकदा वाचून दाखव,” तो म्हणाला.

तिनं वाचलं. बहिणीच्या नावापाशी अडखळली, म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. जमादारानं दुपट्ट्यानं मान पुसली आणि म्हणाला, “पाठव.”

तिनं पाठवलं. मग त्याला चहा सांगायला म्हणून उठली, आणि दारापर्यंत जाऊन तशीच पाठमोरी उभी राहिली, कारण डोळे भरून आले होते आणि टपरीवर माणसं बसली होती.